बारा चोपन्न ते दोन पस्तीस

पुरवणी जबाब

मी, या कागदाच्या माथ्यावर जिचे नाव नोंदवले आहे ती, वय ५३ वर्षे, व्यवसाय परिचारिका, सध्या प्रसूती कक्षाची प्रमुख, नोकरी एकूण एकोणतीस वर्षे, राहणार रुग्णालयामागील कर्मचारी वसाहत, दुसरा जिना, तिसरा मजला. रुग्णालयात मला सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. आज मला कोणी बोलावलेले नाही. मी आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात आले आहे आणि समक्ष हजर राहून सांगते की,

माझा पहिला जबाब एकोणीस दिवसांपूर्वी याच खोलीत, याच टेबलावर घेतला गेला. त्या वेळी इन्स्पेक्टर साहेबांनी मला फिर्यादीच्या मोबाइलमधले अकरा मिनिटांचे रेकॉर्डिंग ऐकवले आणि विचारले, "हे ठोके बाळाचे का?" मी "होय" म्हणाले. ते उत्तर खोटे होते आणि देतानाच ते खोटे आहे हे मला माहीत होते. ते एक उत्तर दुरुस्त करायला मी आले आहे. पण नुसता एक शब्द खोडून भागणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

फिर्यादी लिफ्ट दुरुस्तीचे काम करतात. त्यांची फिर्याद अशी की, त्यांच्या पत्नीला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, दुपारी एक वाजता बाळाचे ठोके चांगले होते, त्याचे रेकॉर्डिंग त्यांच्याजवळ आहे, आणि डॉक्टर बाई दोन पस्तीसपर्यंत फिरकल्या नाहीत म्हणून बाळ गेले. ही फिर्याद माझ्या "होय"वर उभी आहे. डॉक्टर बाईंना तेव्हापासून कामावर येऊ दिलेले नाही. त्यांच्यावर गुन्हा दाखल होणार असे ऐकते.

घटना मंगळवारची. फिर्यादीची पत्नी, वय २६, पहिलटकरीण, एकोणतीस आठवडे पूर्ण, सकाळी अकरा चाळीसला आमच्याकडे आली. मीच तिला खाटेवर घेतले. बाळाचे ठोके मी पोटाला यंत्र लावून ऐकले, एकशे बावन्न. त्याच वेळी तिच्या मनगटावर बोटे ठेवून तिची नाडी मोजली, अठ्ठ्याऐंशी. दोन्ही आकडे केसपेपरवर माझ्या हस्ताक्षरात आहेत. डॉक्टर बाईंनी तिला तपासले, वेणा थांबवण्याचे औषध आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी एक इंजेक्शन लिहून दिले. बारा वाजता औषध सुरू केले. बारा दहाला मी तिच्या पोटावर मॉनिटरचे पट्टे बांधले आणि मनगटावर बोटे ठेवून ठोके बाळाचेच असल्याची खात्री केली. बारा वीसला डॉक्टर बाईंना दुसऱ्या एका बाईच्या तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी वर जावे लागले. जाताना त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही आहात ना, मग मला काळजी नाही."

हा जबाब टाइप करणाऱ्या हवालदार बाईंना मॉनिटर म्हणजे काय ते समजावून सांगावे लागले, ते इथेही लिहून ठेवते. पोटातल्या बाळाला प्राणवायू किती मिळतो आहे ते बाहेरून थेट मोजता येत नाही. ते ठोक्यांवरून ओळखायचे. वेण आली की ठोके जरा खालीवर होतात आणि पुन्हा जागेवर येतात, म्हणजे बाळाला पुरते आहे. खाली जाऊन वर यायला उशीर लावू लागले, म्हणजे पुरत नाही. पूर्ण दिवसांचे बाळ थोडा वेळ तग धरते. सात महिन्यांच्या बाळाकडे शिल्लक अशी काही नसतेच. म्हणून त्याच्याजवळून हलायचे नसते. मी हलले नाही. बारा दहापासून दोन पस्तीसपर्यंत मी त्या खाटेपाशीच होते, पाणी प्यायलासुद्धा गेले नाही, आणि मला वाटते तीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

पट्ट्याखाली एक चकती असते. बाळ कोणते आणि आई कोणती हे त्या चकतीला कळत नाही. तिच्यासमोर जे धडधडेल ते ती ऐकवते. बाळ लहान असले की ते चकतीखालून सटकते आणि मग आईच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचे ठोके बाळाचे म्हणून वाजू लागतात. एरवी फसायला होत नाही, कारण आईचे ऐंशी-नव्वद असतात आणि बाळाचे एकशे चाळीस-पन्नास. पण वेणा थांबवण्याचे ते औषध दिले की आईची नाडीही एकशे तीस-चाळीसवर जाते. तेव्हा दोन्हींचा आकडा सारखा दिसतो. यावर उपाय एकच आणि तो फुकटचा आहे. कान यंत्राला आणि बोट मनगटाला. दोन्ही एकत्र पडत असतील तर ते बाळ नव्हे. एकोणतीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या एकूण एक मुलीला मी हे शिकवले आहे. जी विसरली तिला सगळ्यांसमोर झाडले आहे. डॉक्टर बाई विद्यार्थिनी म्हणून आल्या होत्या तेव्हा त्यांच्याही बोटांवर मी पट्टीने टकटक करून हे शिकवले होते.

आमच्या कक्षात एक पद्धत आहे, ती माझीच सुरू केलेली आहे. मॉनिटरचा आवाज मोठा ठेवायचा आणि दार अर्धे उघडे ठेवायचे. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांना ठोके ऐकू येतात आणि मग ती दर पाच मिनिटांनी दारात येऊन डोके खात नाहीत. त्या दिवशी बाकावर तिची आई आणि सासू होत्या. फिर्यादींना मी आत घेतले होते. नियमात बसत नाही, पण मुलगी घाबरली होती आणि तो गडी तिच्याहून जास्त घाबरला होता. मी त्याला म्हणाले, "जावईबापू, स्टुलावर बसा आणि तिचा हात धरा. चक्कर आली तर आधी सांगा, खाटा मोजक्याच आहेत." ते बसले. त्यांनी तिचा उजवा हात दोन्ही हातांत धरला.

बारा पन्नासला आवाज तुटला. असे दिवसातून दहा वेळा होते, पण मुलगी दचकून उठायला लागली. बाहेरून तिच्या आईचा आवाज आला, "सिस्टर, काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, बाळ कूस बदलतंय, जरा दम धरा." मी एका हाताने पट्टा सैल केला आणि दुसऱ्याने चकती फिरवून शोधू लागले. बारा चोपन्नला ठोके लागले. एकशे अडतीस. स्वच्छ, एकसारखे. बाहेर दोघी म्हाताऱ्यांनी "हुश्श" केलेले आत ऐकू आले. मलाही हायसे वाटले. चकती सरकू नये म्हणून मी ती डाव्या हाताने दाबून धरली आणि उजव्या हाताने पट्टा आवळला. तिच्या मनगटाला मी हात लावला नाही. तिथे फिर्यादींचा हात होता.

हे कारण म्हणून सांगत नाही. तिला दुसरे मनगट होते. गळ्यापाशीही नाडी लागते. बोटाला लावायची, नाडी दाखवणारी चिमटी रक्तदाब वाढलेल्या दुसऱ्या बाईला लावली होती, ती मागवता आली असती. मी काही मागवले नाही, कारण मला ठोके हवे होते आणि ते मिळाले होते. हवालदार बाईंनी या ठिकाणी "यंत्रातील बिघाडामुळे" असे टाइप केले होते, ते मी खोडायला लावले आहे. आमच्या अधीक्षक साहेबांनीही मला तसेच सुचवले होते, यंत्र जुने झाले होते म्हणावे, सगळेच सुटतील. यंत्र ठणठणीत होते. आजही चालू आहे.

एक वाजून दोन-तीन मिनिटांनी फिर्यादी मला म्हणाले, "सिस्टर, गंमत बघा. हिची नाडी आणि बाळाचे ठोके अगदी बरोबरीने पडतायत." लिफ्टची मोटर ऐकून कुठे काय घासते ते सांगणारा माणूस तो. त्याला जे कळले ते शंभर टक्के बरोबर होते. मी त्यांना म्हणाले, "पडणारच! आईच्या तालावर नाचणारं बाळ आहे. आता घरात तुमचं काही चालणार नाही, जावईबापू." मुलगी हसली. आल्यापासून पहिल्यांदाच हसली. फिर्यादींनी खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाले, "थांबा, हे रेकॉर्ड करतो, मोठं झाल्यावर ऐकवू. सिस्टर, तुम्ही परत म्हणा ना ते." मी परत म्हणाले. रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीला जो बाईचा आवाज आहे आणि जे हसणे आहे ते माझे आहे.

एक वीसला वरून फोन आला. शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या सिस्टरने डॉक्टर बाईंच्या वतीने विचारले, ठोके किती? मी सांगितले, "एकशे अडतीस, छान. वेणा कमी झाल्यात. बाईंना म्हणावं, सावकाश या." हे शब्द माझे आहेत. "सावकाश या" हेही माझेच. त्या आल्या नाहीत याचे कारण मी आहे.

दीडच्या सुमारास मुलगी म्हणाली, "सिस्टर, आता हलत नाहीये." मी म्हणाले, "औषधानं गुंगलं असेल. ऐक की, कसं पळतंय." तिने ऐकले आणि मान हलवली. मग ती डोळे मिटून पडून राहिली. ठोके ऐकत राहिली.

दोन पस्तीसला डॉक्टर बाई आल्या. त्यांनी आधी मॉनिटरमधून छापून येणारी ग्राफची पट्टी हातात घेतली. आवाज मोठाच होता. वेण आली की ठोके वर चढत होते, खाली जात नव्हते. बाळाचे असे सहसा होत नाही, कळ सोसणाऱ्या आईचे होते. मी ती पट्टी दीड तास बघत होते आणि मला ते दिसले नव्हते. डॉक्टर बाईंनी पट्टी खाली ठेवली आणि मुलीच्या डाव्या मनगटावर बोटे टेकवली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्या क्षणी समजले. त्यांनी मॉनिटरचा आवाज बंद केला आणि सोनोग्राफीचे यंत्र मागवले. बाळाचे हृदय थांबलेले होते. बाहेरच्या बाकावरून तिच्या आईने विचारले, "आवाज का बंद केला?" तिला उत्तर द्यायला मी बाहेर गेले नाही, दुसऱ्या सिस्टरला पाठवले.

पाच वीसला प्रसूती झाली. मुलगी होती. वजन एक किलोला वीस ग्रॅम कमी. नाळ खांद्याखाली दबलेली होती. बारा चोपन्नला मला कळले असते तर वाचली असती का, हे मला विचारण्यात आले. मला माहीत नाही. शस्त्रक्रियेची खोली एकच आणि ती भरलेली होती. नसतीही वाचली. पण तिच्यासाठी कोणीतरी धावले असते. आम्ही सगळे तिच्याभोवती बसून हसत होतो.

त्याच संध्याकाळी मी ग्राफची पट्टी केसपेपरातून काढून घरी नेली. ती सापडत नाही असे रुग्णालयाने आपणास कळवले आहे. ती माझ्या कपाटात होती. आज सोबत आणली आहे आणि पंचांसमक्ष दिली आहे. ती नेताना मी काय विचार केला हे मला विचारले गेले. काही विचार केला नाही. आईच्या पोटात मेलेल्या लेकराची आणि माझ्या चुकीची एकच पट्टी होती, ती कोणाच्या हातात पडू नये एवढेच वाटले.

डॉक्टर बाईंनी माझे नाव घेतलेले नाही. त्यांनी त्यांच्या जबाबात "ठोके नियमित असल्याचे मला कळवण्यात आले" एवढेच सांगितले आहे असे समजते. कोणी कळवले ते सांगितले नाही. ठोके कोणाचे होते तेही नाही. चार दिवसांपूर्वी मी त्यांच्या घरी गेले होते. मी म्हणाले, "सांगून का नाही टाकत?" त्या म्हणाल्या, "सिस्टर, बोट कुठं ठेवायचं ते मला तुम्हीच शिकवलंत. तुमच्याकडे बोट कसं दाखवू?" मला त्यांचा राग आला. चांगुलपणाचाही कधीकधी राग येतो.

त्या दिवसापासून मला एक खोड लागली आहे. काहीही एकसारखे वाजू लागले, पाण्याची मोटर, शेजारचे शिलाई मशीन, भिंतीवरचे घड्याळ, की माझी बोटे आपोआप माझ्याच मनगटावर जातात आणि मी जुळते का ते बघते. कामावर प्रत्येक बाईची नाडी मी तीन-तीनदा बघते. परवा एक विचारत होती, "सिस्टर, मला काही झालंय का?" मी मॉनिटरचा आवाज आता बंद ठेवते. तरी मला ऐकू येतो. एकशे अडतीस, स्वच्छ, एकसारखे. अजून मला ते बाळाचेच वाटतात, हे मी कोणाला सांगितले नव्हते.

पहिल्या जबाबात मी खोटे का बोलले, असे विचारण्यात आल्यावरून सांगते की, भीती होती. नोकरीची सात वर्षे शिल्लक आहेत, नाव आहे, ते जाईल याची भीती होती. पण तेवढेच नव्हते. घरी सोडायच्या दिवशी त्या मुलीने माझा हात धरून म्हटले होते, "तिला बघायला मिळालं नाही धड, पण ऐकायला मिळालं. तुम्ही आवाज मोठा ठेवलात म्हणून." ती मोबाइलमधली अकरा मिनिटे हीच तिच्याजवळची लेक होती. इन्स्पेक्टर साहेबांनी तेच रेकॉर्डिंग लावले आणि विचारले तेव्हा माझ्या तोंडून "नाही" निघेना. एका बाईचे लेकरू मी एकदा घालवले होते. पुन्हा घालवायचे का, असे वाटले. मग कळत गेले की ते राखण्यासाठी मी दुसऱ्या एका मुलीला, डॉक्टर बाईंना, फासावर देते आहे. दोन्ही डगरींवर हात ठेवून उभे राहता येत नाही.

इथून जबाबाची प्रत फिर्यादीला जाणार हे मला माहीत आहे. हे त्यांच्या पत्नीने कागदावर वाचू नये म्हणून आज सकाळी साडेनऊला मी त्यांच्या घरी गेले. जिना चढून वरच्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. फिर्यादींनी दार उघडले. ती खिडकीशी उंच टेबलापाशी उभी होती. ती शर्ट शिवणाऱ्या कारखान्यासाठी कापड बेतून देते, पुन्हा कामाला लागली आहे. हातात खडू होता आणि एका कानात मोबाइलची वायर. मला बघून तिने ती काढली आणि म्हणाली, "या ना सिस्टर. हिलाच ऐकत होते."

मी उभ्याउभ्याच सांगितले. बसले असते तर सांगता आले नसते. ठोके तिचे स्वतःचे होते, बाळाचे नव्हते, तिच्या नवऱ्याने ते ओळखले होते आणि मी हसण्यावारी नेले, डॉक्टरांना चुकीचे कळवले, ठाण्यात खोटे सांगितले, असे सगळे त्याच क्रमाने सांगितले. फिर्यादी भिंतीला टेकून खाली बसले. ते म्हणाले, "मी म्हणालो होतो. म्हणालो होतो ना मी तुम्हाला?" मी म्हणाले, "हो. तुम्ही म्हणाला होता." मला मारले असते तरी चालले असते.

मुलीने विचारले, "मग ती गेली केव्हा?"

मी म्हणाले, "बारा पन्नासनंतर. नक्की मिनिट मला सांगता येत नाही."

"तेव्हा मी काय करत होते?"

मी सांगितले, "हसत होतीस, बाळा. मीच हसवलं होतं."

ती टेबलावरच्या कापडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तिचं माझ्याकडे काहीच नाही."

मी म्हणाले, "आहे. बारा दहा ते बारा पन्नास. त्या वेळचे तिचेच आहेत, मी छातीवर हात ठेवून सांगते. पण आवाज नाही. कागदावर नुसती रेघ आहे. मिनिटाला एक सेंटीमीटर कागद पुढे जातो."

"म्हणजे चाळीस."

"चाळीस."

तिने खडू खाली ठेवला. टेप तिच्या गळ्यात होती, पण ती तिने घेतली नाही. दोन्ही हात समोर धरले, तळवे आत वळवून, आणि मला विचारले, "एवढी?"

मी "हो" म्हणाले. माप बरोबर होते. मी निघाले तेव्हा तिचे हात तसेच होते.

माझी एक विनंती आहे आणि ती या जबाबाचा भाग म्हणून नोंदवावी. दिलेल्या पट्टीतला पहिला चाळीस सेंटीमीटरचा तुकडा, काम संपल्यावर, रुग्णालयाला परत न देता त्या मुलीला द्यावा. तो फाटू नये, त्यावर शिक्का मारू नये. त्यापुढचे चार सेंटीमीटर कोरे आहेत. आणि त्याच्यापुढचा सगळा कागद, बारा चोपन्न ते दोन पस्तीस, डॉक्टर बाईंच्या नावावर न लावता माझ्या नावावर लावावा.

हवालदार बाईंनी हा जबाब मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. मध्ये एकदा त्यांना थांबावे लागले, तेव्हा पुढचा भाग मी स्वतः वाचला. मी सांगितले तसेच यात लिहिले आहे. या वेळी ते खरे आहे. खाली सही करते.